ओकाचें पिंप आणि मोहाचें फूल

माथेरानची हवा, लाल माती, माकडें आणि टोकें यांविषयीं नव्यानें सांगण्यासारखें आतां कांहीं उरलेलें नाहीं, आणि तें सांगण्याचा आमचा विचारही नाहीं. आमचें उन्हाळ्याचें बिऱ्हाड तेथील ज्या जुन्या बंगल्यांत होतें, त्याच्या ओसरीपुढें मधोमध कापलेलें एक लांकडी पिंप होतें व त्यांत जास्वंद लावलेली होती. माती बदलण्यासाठीं माळ्यानें एके सकाळीं तें रिकामें केलें, तेव्हां तें आंतून पार कोळशासारखें काळें असल्याचें दिसलें. केव्हां तरी आगींत सांपडलें असावें, अशी घरच्या मंडळींची समजूत झाली. माळ्याचेंही तेंच मत पडलें. पण बाहेरच्या बाजूनें एकाही फळीला झळ लागल्याची खूण नव्हती, आणि आंतील जळणें तळापासून कांठापर्यंत सारख्या जाडीचें होतें. तें जळालेलें नव्हतें, जाळलेलें होतें. आंतून अशी मुद्दाम जाळलेलीं ओकाचीं पिंपें अमेरिकेंत, विशेषतः केंटकी संस्थानांत, मक्याची जी दारू करतात तिच्यासाठीं घडविलीं जातात. त्या दारूस बर्बन म्हणतात. केंटकींतलें पिंप मुंबईच्या जुन्या बाजारांतून नेरळास आणि तेथून कोणाच्या तरी डोक्यावरून किंवा घोड्याच्या पाठीवरून माथेरानास येऊन जास्वंदीची कुंडी व्हावें, हा योग लहान नव्हे. त्या पिंपानें आमच्या मनांत जे विचार चालविले, ते येथें मांडतों.

आरंभींच एक खुलासा केलेला बरा. आम्ही मद्याचे पुरस्कर्ते नाहीं, आणि आमच्या घरांत तें कधीं आलेलें नाहीं. परंतु अफूचा इतिहास लिहिण्यासाठीं जशी अफू खावी लागत नाहीं, तसेंच हेंही आहे. ज्या गोष्टीवर सरकारें उभीं राहिलीं व घरें बुडालीं, तिच्याकडे तोंड फिरविल्यानें इतिहास कांहीं निराळा होत नाहीं.

पिंप हा शब्दच आपल्याकडे समुद्रावरून आला. पोर्तुगीज भाषेंत दारूच्या मोठ्या लांकडी भांड्यास 'पिपा' म्हणतात. त्याचें आपण पीप केलें, पुढें पिंप केलें, आणि त्यांत पाणी, तांदूळ, तेल, चुना काय वाटेल तें भरलें. पगार, पाव, चावी, बिजागरी यांच्याच बरोबर हा शब्द किनाऱ्यावर उतरला. तत्पूर्वीं आपल्याकडे पातळ पदार्थ ठेवण्यास रांजण होते, नेण्यास चामड्याच्या पखाली होत्या, आणि तांब्याचे हंडे होते. लांकडाच्या फळ्या वांकवून, लोखंडी पट्ट्यांनीं आवळून, खिळा किंवा सरस न लावतां गळणार नाहीं असें भांडें करण्याची कला येथें वाढली नाहीं. आमच्या मतें याचें एक कारण असें कीं कुंभाराचा माल स्वस्त होता व लांब समुद्रांतून नेण्याची गरज थोडी होती. दुसरें कारण अधिक साधें आहे. सह्याद्रींत ओक नाहीं. हिमालयांत त्याच्या जाती आहेत, पण आपल्या घाटांत हें झाड मूळचें नाहीं. थंड हवेच्या ठिकाणीं साहेबांनीं लावलेला जो सिल्व्हर ओक दिसतो तो ऑस्ट्रेलियांतील निराळ्याच कुळांतला असून त्याचा ओकाशीं नांवापलीकडे संबंध नाहीं. (आमच्या स्नेह्यांत ओक आडनांवाचे एक गृहस्थ आहेत, त्यांचाही नाहीं.)

ओकच कां, सागवान कां नाहीं? ज्या मुंबईच्या गोदींत वाडियांनीं सागाचीं जहाजें बांधलीं व तीं अर्धशतकें टिकलीं, तेथें सागाचें पिंप कां होऊं नये? सागाच्या अंगांत तेल असतें. तें पाण्याला व किड्याला दूर ठेवतें, म्हणून जहाजास उत्तम. पण दारूंत उतरलें तर चव बिघडवील. खैरांत व ऐनांत तुरटपणा फार. अमेरिकेच्या पांढऱ्या ओकाची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या लांकडांतील नळ्या वय होतांच आंतून पडद्यांसारख्या वाढीनें बुजून जातात, म्हणून तें गळत नाहीं. त्याच्याच जातभाई तांबड्या ओकांत त्या नळ्या मोकळ्या राहतात, आणि त्याचें पिंप पाझरतें. म्हणजे पिंपाची निवड जंगलांतच सुरू होते.

हें ज्ञान युरोपियनांस एकदम झालें असें नव्हे. कांहीं भाग तर त्यांना आपल्याच समुद्रानें शिकविला. ईस्ट इंडिया कंपनीचीं जहाजें हिंदुस्थानाकडे येतांना मदीरा बेटावर थांबत व तेथील द्राक्षारसाचीं पिंपें घेत. एका पिंपांत सुमारें 92 गॅलन माल असे. जहाजाच्या पोटांत, विषुववृत्ताच्या उष्म्यांत, महिनोन्महिने हेलकावे खात तीं पिंपें मुंबईस वा मद्रासेस पोंचत. कांहीं विकलीं न गेल्यामुळें तशींच परत जात. इतक्या हालांनीं माल नासावयाचा. पण तो सुधारलेला निघाला. मग लंडनच्या बाजारांत हिंदुस्थानची फेरी करून आलेल्या मदीरेस जादा भाव येऊं लागला, आणि व्यापारी मुद्दाम पिंपें फेरीस पाठवूं लागले. लांकूड, उष्णता आणि काळ या तिघांचा संयोग झाला म्हणजे पातळ पदार्थांत कांहीं तरी घडतें, हें अशा रीतीनें अपघातानें कळलें.

याच्या उलट उदाहरण बिअरचें. एकोणिसाव्या शतकांत बर्टन येथून हिंदुस्थानांतील गोऱ्यांसाठीं जी फिकी बिअर येई ती ओकाच्याच पिंपांतून. परंतु इंग्रज बिअरवाले त्यासाठीं बाल्टिक किनाऱ्यावरील मेमेल बंदरांतून येणारा ओक पसंत करीत. अमेरिकन ओक स्वस्त असूनही तो त्यांना नको असे, कारण त्याची चव बिअरला लागे. एकाचा जो दोष तोच दुसऱ्याचा गुण कसा होतो, याचें यापेक्षां चांगलें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं. ज्या वासामुळें बर्टनवाल्यानें अमेरिकन ओक नाकारला, त्याच वासावर केंटकीवाल्यानें आपलें घर बांधलें.

हा वास येतो कोठून? ताजी गाळलेली दारू, मग ती मक्याची असो कीं मोहाची, पाण्यासारखी स्वच्छ व जिभेला झोंबणारी असते. बर्बनचा तांबूस रंग सगळा लांकडाचा. फळी भाजली म्हणजे लांकडांतील एका घटकाची साखर होऊन ती करपते व गूळपाकासारखा स्वाद देते. लांकडाला कठीणपणा देणारा दुसरा घटक फुटून त्यांतून व्हॅनिलाच्या शेंगेंत असतो तोच सुगंधी पदार्थ निघतो. ओकाच्या अंगचें एक द्रव्य ओल्या नारळासारखा वास देतें. आणि आंतील कोळसा गंधकाचा वाईट वास शोषून घेतो. भाजण्याच्या चार पायऱ्या सामान्यतः मानतात. चौथ्या पायरीस फळी मिनिटभराहून थोडी कमी पेट घेऊं देतात, आणि तिचा पृष्ठभाग सुसरीच्या पाठीसारखा भेगाळतो. माथेरानच्या पिंपास बोट लावून पाहिलें तेव्हां अशाच चौकोनी भेगा आमच्या बोटाला लागल्या.

पुढें काम ऋतूंचें. उन्हाळ्यांत दारू फुगून लांकडांत शिरते, हिवाळ्यांत आकसून बाहेर येते, आणि येतांना लांकडाचे गुण घेऊन येते. केंटकींतील कोठारें कांहीं मजल्यांचीं असतात. वरच्या मजल्यावर उष्मा अधिक. तेथें पाणी लवकर उडून दारू अधिक कडक होते, खालीं ती सावकाश पिकते. एकाच दिवशीं, एकाच भट्टीची दारू भरलेलीं दोन पिंपें, एक वर व एक खालीं ठेवलेलीं, सहा वर्षांनीं दोन निराळ्या दारू म्हणून निघतात. म्हणून कोठारांतील जाणता माणूस पिंपाच्या भोंकांतून नळी घालून घोट काढतो व कोणतें पिंप एकट्यानें विकावयाचें, कोणतें इतरांत मिसळावयाचें हें ठरवितो. एकेक पिंपाची दारू वेगळी बाटलींत भरून विकण्याचा प्रघात मात्र जुना नव्हे. तो 1984 त एल्मर ली यानें पाडला.

याच कारखान्यानें, म्हणजे केंटकीच्या बफेलो ट्रेसनें, एक प्रयोग केला तो आम्हांस शास्त्रीय वृत्तीचा नमुना वाटतो. 1999 पासून त्यांनीं 96 ओकवृक्ष निवडले. प्रत्येक वृक्षाच्या बुंध्याकडील अर्ध्या भागाचें एक व शेंड्याकडील अर्ध्याचें एक, अशीं 192 पिंपें केलीं. लांकडाचा पोत, फळ्या उन्हापावसांत वाळविण्याची मुदत, भाजण्याची पायरी, धान्याचें मिश्रण, भरतांना दारूचा कडकपणा आणि कोठाराची बांधणी या सर्वांत फरक ठेवले. आठ वर्षें पिकवून ती दारू लोकांस चाखावयास दिली, व 2015 त निकाल लावला तेव्हां 80 क्रमांकाचें पिंप पहिलें आलें. तें झाडाच्या बुंध्याकडील लांकडाचें, मध्यम पोताचें, फळ्या वर्षभर वाळविलेलें व चौथ्या पायरीपर्यंत भाजलेलें होतें. आपल्याकडे एका झाडाच्या दोन फळ्यांत फरक आहे काय, हें पाहण्यासाठीं सोळा वर्षें थांबण्याची कोणास फुरसत होईल, याची शंका आहे.

परंतु झाड, आग व कोठार यांखेरीज पिंपांतल्या दारूस आणखी एक गोष्ट लागते. ती म्हणजे कायदा. हा भाग फारसा कोणी पाहत नाहीं, आणि आम्हांस तर तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

दारू गाळल्याबरोबर सरकारनें कर मागितला, तर ती वर्षानुवर्षें साठवून ठेवणें कोणासही परवडणार नाहीं. भांडवल अडकून पडतें, आणि त्यांतून दरवर्षीं कांहीं भाग वाफ होऊन उडून जातो. जें उडून गेलें त्यावरही कर द्यावयाचा, म्हणजे दिवाळेंच. अमेरिकन सरकारनें 1868 त असा नियम केला कीं सरकारी कुलुपांतल्या कोठारांत ठेवलेल्या मालावरील कर एक वर्ष लांबवितां येईल. पुढें ही मुदत तीन वर्षें झाली, आणि 1894 त आठ. 1897 त तर तेथें कायदाच झाला कीं जो माल सरकारी देखरेखीखालीं निदान चार वर्षें पिंपांत राहिला, त्याच्याच बाटलीवर सरकारी हमीची पट्टी लागेल. हें कांहीं सद्गुणानें झालें नाहीं. रंग व साखर घालून कोरी दारू जुनी म्हणून विकणाऱ्यांना आळा घालण्यासाठीं मोठ्या कारखानदारांनींच तो कायदा करवून घेतला. 1930 नंतरच्या दशकांत आणखी नियम झाला, कीं बर्बन नव्या, आंतून जाळलेल्या ओकाच्या पिंपांतच पिकविलें पाहिजे. एकदां वापरलेलें पिंप बर्बनच्या कामाचें राहिलें नाहीं. तें मग स्कॉटलंडास जाऊं लागलें, इतर देशांस जाऊं लागलें, आणि अगदींच थकलें म्हणजे कुंडी होऊं लागलें.

आतां याच वर्षांत आपल्याकडे काय चाललें होतें तें पाहूं.

माथेरानच्या पश्चिमेकडील टोकांवर संध्याकाळीं उभें राहिलें व हवा स्वच्छ असली, तर दूर मुंबईच्या बंदराचें पाणी चमकतांना दिसतें. त्याच्या अलीकडच्या कांठावर उरण आहे. हल्लीं उरण म्हटलें कीं बंदर, तेल व वायूचे कारखाने आठवतात; पण गेल्यापूर्वींच्या शतकांत तें मोहाच्या दारूच्या भट्ट्यांसाठीं प्रसिद्ध होतें. भट्ट्यांचे मालक बहुतेक पारशी होते. मोहाचीं वाळलेलीं फुलें मुख्यतः गुजराथेकडून, पंचमहालाच्या बाजूनें, येत. तीं भिजवून आंबवीत व गाळीत. आणि माल मुंबईस, ठाण्यास, कुलाब्यास जाई.

पायथ्याच्या कर्जत-खालापुराच्या रानांत मात्र मोह गुजराथेहून आणावा लागत नव्हता. ठाकूर व कातकरी यांना मोहाचें फूल म्हणजे केवळ दारू नव्हे. चैत्राच्या सुमारास पहांटे तीं गळतात, बायका-पोरें तीं वेंचतात, वाळवितात, आणि धान्य सरलें म्हणजे तीं खाण्यासही होतात. बियांचें तेल निघतें तें निराळेंच. दारू ती त्यांतलीच एक गोष्ट. मातीचें मडकें, वेळूची नळी, थंड पाणी, झालें. लग्नास, देवास, मयतास ती लागे. 1850 त ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट माथेरानच्या डोंगरावर चढले, तेव्हां वाट ठाऊक होती ती याच लोकांना.

1878 त मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा झाला. त्याचें धोरण असें, कीं भट्ट्या थोड्या ठिकाणीं एकत्र आणाव्या, गाळलेल्या प्रत्येक गॅलनवर कर घ्यावा, व दारू ठराविक दोन ताकदींची विकावी. त्या काळच्या भाषेंत त्यांना '25 अंडर प्रूफ' व '60 अंडर प्रूफ' म्हणत. म्हणजे शंभरांत सुमारें 43 भाग व 23 भाग मद्यार्क. ही व्यवस्था बसविण्यांत चार्ल्स प्रिचर्ड या कमिशनरांचा मोठा वाटा होता. पण घरोघर पडलेल्या फुलांवर कर कसा बसवावा? म्हणून 1892 त खास ठाणें व कुलाबा जिल्ह्यांकरितां मोहाच्या फुलांचा कायदा झाला, आणि फुलें बाळगण्यावर व वाहून नेण्यावर निर्बंध आले. झाड दारांत, फूल अंगणांत, आणि तें उचलण्यास परवाना!

1892 आणि 1897 या दोन सालांत पांच वर्षांचें अंतर आहे. एका सरकारनें आपल्या शेतकऱ्यांच्या मक्याच्या दारूस चार वर्षें झोंपूं दिलें व वर हमीची पट्टी लावली. दुसऱ्या सरकारनें दारू गाळली कीं मोजली, मोजली कीं विकली. येथें तिला पिंपांत ठेवून पिकविण्याची चाल पडलीच नाहीं. पडणार कशी? कर गॅलनवर, ताकद ठरलेली, मक्ता ठराविक मुदतीचा. मक्तेदारास घाई असणारच. आणि मग इंग्रज अधिकाऱ्यांनीं व त्यांचें वाचून आम्हां शिकलेल्यांनींही म्हणावें, कीं मोहाची दारू ती काय, उग्र, वासट, गांवठी. केंटकीची मक्याची दारू तरी भट्टींतून निघतांना दुसरें काय असते? तिला झाड मिळालें, आग मिळाली, कोठार मिळालें, वेळ मिळाला. मोहाच्या दारूस यांतलें एकही मिळालें नाहीं, आणि दोष मात्र फुलाचा ठरला.

आम्ही शाळेंत असल्यापासून 'गांवठी' हा शब्द शिवीसारखा ऐकला व वापरला, हें येथें कबूल केलें पाहिजे. त्यांत आपण कोणाचें मत उच्चारीत आहों, हा प्रश्न पुष्कळ उशिरां सुचला.

मोहाची दारू ओकांत पिकविली असती तर उत्तमच झाली असती, असा आमचा दावा नाहीं. कदाचित् त्या फुलाचा वास लांकडाशीं जमला नसता. गोव्याची काजूची फेणी पुष्कळशी कांचेच्या मोठ्या बाटल्यांतच ठेवीत आले आहेत; तिच्या भोक्त्यांना फळाचा वास झांकलेला नको असतो, आणि 2009 त तिला भौगोलिक मानांकन मिळालें तें तिच्या त्याच स्वभावावर. आमचें म्हणणें इतकेंच, कीं मोहाची परीक्षा फारशी कोणी घेतली नाहीं. पुढें 1949 चा दारूबंदीचा कायदा आला, मुंबई इलाखाभर बंदी झाली, ती कांहीं वर्षांनीं सैल झाली. पण त्यानंतर महाराष्ट्रांत जी परवान्याची देशी दारू आली ती उसाच्या मळीची. मोह बराच काळ तसाच चोरून राहिला.

एक गोष्ट मात्र येथल्या हवेनें सिद्ध करून दाखविली आहे. बंगळूरच्या अमृत कारखान्यानें 2004 त आपली जवाची व्हिस्की थेट ग्लासगोंत नेऊन विकावयास काढली. आणि गोव्यांत कुंकळ्ळी येथें पॉल जॉन या नांवाची व्हिस्की होते ती 2012 त लंडनांत प्रथम बाहेर आली. हिची पिंपें म्हणजे केंटकीनें टाकून दिलेलीं, बर्बन पिऊन तृप्त झालेलीं पांढऱ्या ओकाचीं पिंपें. धान्य हिंदुस्थानांतलें, सहा ओळींच्या कणसाचें जव. आणि उष्मा आपला. स्कॉटलंडांत पिंपांतून दरसाल शंभरास सुमारें दोन भाग उडून जातात. तेथील लोक त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात. गोव्यांत तो वाटा आठाच्या घरांत आहे. हिशोब करून पाहावा. दोनशें लिटरांच्या पिंपांत बारा वर्षांनीं स्कॉटलंडांत सुमारें 157 लिटर उरतील. गोव्यांत 74 सुद्धां नाहीं. म्हणून कुंकळ्ळीस बारा वर्षें थांबत नाहींत. पांच-सहा वर्षांत लांकडानें आपलें काम उरकलेलें असतें. आपले देवदूत तहानेले खरे, पण हात चलाख.

मदीरेचीं पिंपें घेऊन येणाऱ्या जहाजांना जें फार पूर्वीं कळलें होतें, तेंच हें. उष्ण हवा दारू नासवीतच नाहीं, निवड नीट असेल तर ती लवकर पिकविते. उरणच्या एखाद्या पारशी मालकानें मुंबईच्या गोदींत पडलेलीं रिकामीं पिंपें उचलून त्यांत मोहाची दारू चार पावसाळे ठेवावयाचें मनांत आणलें असतें, तर सामान हाताशीं होतें. नव्हती ती मुभा.

निघण्याच्या आदल्या दिवशीं आम्हीं माळ्यास विचारलें, कीं पिंपांत जास्वंद कशी काय चांगली येते? तो म्हणाला, "कोळशानं पानी धरून राहतं, साहेब. मातीच्या कुंडीला रोज घालावं लागतं, ह्याला एकाआड." त्याची आजी पायथ्याच्या वाडींत राहते. मोहाचीं फुलें ती अजून वेंचते काय, असें आम्हीं विचारलें, तेव्हां तो जरा थबकला, आमच्याकडे नीट पाहून घेतलें, आणि "खायापुरतीं," म्हणून पुन्हां माती भरूं लागला.